चौथी ओळ

३ तारीख, सोमवार

नवं शहर, नवी नोकरी, नवं घर, आणि जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी निरोपाच्या दिवशी हातात कोंबलेली ही नवी वही. रोज लिहीन असं त्यांना कबूल करून बसले आहे, आता निस्तरायला हवं. नियमाशी माझा छत्तीसचा आकडा, आणि योगायोगाने वयही छत्तीसच. बघू किती दिवस टिकतं ते.

घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दार निळं. आम्ही तिघी: मी, सासूबाई आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय नऊ, एका जागी दोन मिनिटं बसली तर ताप आलाय का बघावं लागतं. सामान सोडायच्या आधी तिने पेन्सिल शोधली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. जुन्या घराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा तिचे बाबा काढायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. आज मी रेघ काढली, तिने शेजारी तारीख घातली. सासूबाईंनी ती रेघ पदराने पुसली नाही, नाहीतर भिंतीवरचा प्रत्येक डाग त्यांचा वैरी असतो.

ऑफिस चालत दहा मिनिटांवर. बाई, म्हणजे आमच्या वरिष्ठ, टेबल दाखवून गेल्या. खिडकी आहे, खुर्ची करकरत नाही. माणसाला आणखी काय हवं.

४ तारीख, मंगळवार

काम समजलं. शहरातल्या शाळा, दवाखाने, वाचनालय, पाणीपुरवठा, सगळ्यांची पत्रं आमच्याकडून छापून जातात. प्रत्येक पत्राचा साचा तयार असतो आणि त्यात रिकाम्या जागा असतात. त्या जागा भरतात प्लगइन, म्हणजे यंत्रणेला जोडलेले छोटे प्रोग्राम. एक तारीख घालतो, एक नावांचा क्रम लावतो, एक पत्ता तपासतो. कुठला प्लगइन लोड करायचा, कुठला आधी, कुठला नंतर, आणि कोणाला काय मुभा द्यायची, हे एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल सांभाळणं ही माझी नोकरी. सगळ्या भांडणाऱ्या जावांना एका स्वयंपाकघरात वागवायचं, तसंच काहीसं.

सगळ्यांत मोठं काम घरपत्रकाचं. वर्षातून एकदा प्रत्येक घराचं एक पत्रक छापतं: चार ओळी, प्रत्येक ओळीत नाव आणि वय, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. मग वर्षभर शाळा आणि दवाखाने तेच बघतात. पत्रकात आहे तो घरात आहे, असं बाई अभिमानाने म्हणाल्या. यंदाची छपाई १९ तारखेला, बुधवारी.

तळमजल्यावर छपाईवाले काका असतात. पन्नास वर्षं कागदात घालवलेला माणूस. एवढी पत्रं छापता, कंटाळा नाही का येत वाचून, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की ते एक अक्षर वाचत नाहीत, फक्त शाई आणि समास बघतात. दुपारी भिंगरी शाळेतून परस्पर तिथे आली, तर त्यांनी तिला कोऱ्या कागदाच्या कात्रणांचा गठ्ठा दिला. एका दिवसात काकांची लाडकी झाली आहे.

६ तारीख, गुरुवार

इथे एक पद्धत आहे. नवीन माणसाने चाचणी स्वतःच्या घराच्या पत्रकावर घ्यायची. चूक झाली तर दुसऱ्या कोणाला त्रास नाही, आणि स्वतःचं नाव माणूस नीट वाचतो. मला पटलं. आमचं घर चाचणीचं घर म्हणून लावलं आणि छापून बघितलं.

सासूबाई, अडुसष्ट. मी, छत्तीस. भिंगरी, नऊ. आणि चौथी ओळ रिकामी.

त्या ओळीकडे बघवेना. दोन वर्षं मी प्रत्येक फॉर्मवर ती रिकामी जागा बघत आले आहे, पण इथे ती छापलेली होती, आखीव, एखाद्याचं ताट मांडून ठेवावं तशी. मला रडू आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

कॉन्फिगमध्ये खाली एक प्लगइन बंद करून ठेवलेला सापडला. ओळीच्या सुरुवातीला जाळीची खूण टाकली की यंत्रणा ती ओळ वाचत नाही. प्लगइनचं काम एवढंच: रिकामी जागा दिसली की भरणे, सर्वांत वरची आधी. भरायला काही दिलं नसेल तर काय घालायचं, तेही लिहिलं होतं: ‘आणखी एक’. शेजारी माझ्या जागी आधी असलेल्या गृहस्थांची टीप होती, की चालू करू नये. का, ते नाही. टीप लिहायची तर धड लिहावी, नाहीतर लिहू नये. मी खूण काढली आणि यंत्रणा रीस्टार्ट केली.

७ तारीख, शुक्रवार

चाचणी छापून आली. चौथ्या ओळीत ‘आणखी एक, वय ०’. मला हसू फुटलं. निदान रिकामी ओळ गेली. सोमवारी तिथे नुसती रेघ घालायची सोय करीन असं ठरवलं आणि तो कागद गंमत म्हणून घरी नेला.

सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. हसल्या नाहीत. कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवला.

१० तारीख, सोमवार

सकाळी टेबलावर चार कप होते. एक उपडा. धुतलेला नव्हे, चहासकट उपडा केलेला, भोवती चहाचं तळं. भिंगरीवर ओरडले. ती म्हणाली की तिने नाही केलं, आणि खोटं बोलताना ती जशी नाक खाजवते तसं तिने खाजवलं नाही. सासूबाईंना विचारलं की चौथा कप कोणासाठी. म्हणाल्या, आपण चौघं नाही का.

मी समजूत घातली. वय झालं आहे, घर बदललं आहे, होतं असं.

मग चौकटीवर दुसरी रेघ दिसली. भिंगरीच्या रेघेच्या बरीच खाली, माझ्या गुडघ्याच्या वर. तारीख नाही.

ऑफिसात पत्रक काढलं. ‘आणखी एक, वय ३’. वय कोण वाढवतं आहे ते शोधत दिवस गेला. प्लगइनमध्ये तसं काही लिहिलेलं नाही, मी तीन वेळा वाचला.

११ तारीख, मंगळवार

वय ५. चौकटीवर नवी रेघ, कालच्यापेक्षा वर. कप पुन्हा उपडा.

शेजारणीने जिन्यात थांबवून विचारलं की दोन्ही मुलांना एकाच शाळेत घातलंत का. मला एकच मुलगी, असं मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खोटारडी.

दुपारी भिंगरी घरी जायला तयार नव्हती. काकांच्या टेबलाखाली बसून राहिली. सांगत होती की ते तिच्या पलंगावर भिंतीकडच्या बाजूला असतं. दिसत नाही, पण गादी दबलेली असते आणि गरम असते. मी तिला जवळ घेतलं. हात धरून घरी आणलं.

१२ तारीख, बुधवार

वय ८.

प्लगइन बंद केला. खूण परत टाकली, रीस्टार्ट केलं, छापलं. तरीही होता. यादीत नसून लोड होतो कसा, म्हणून साचे उघडले. चाचणीच्या प्रत्येक साच्याच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. पहिल्याच दिवशी त्याने स्वतःला तिथे घालून घेतलं आहे. आता माझ्या यादीला कोण विचारतो. आधी तो जागा भरतो, मग बाकीची यंत्रणा नोंदी वाचते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. साच्यांना हात लावायची मला परवानगी नाही, ती बाईंकडे आहे.

बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पण साचे बदलायचे तर सगळी यंत्रणा पुसून पुन्हा बसवावी लागेल, आणि त्याला महिना लागतो. आधीचे गृहस्थ गेले तेव्हा तसं करावं लागलं होतं म्हणे. ते कुठे गेले, असं मी विचारलं. बाई आठवायचा प्रयत्न करत राहिल्या. त्यांना नावही आठवेना.

घरी सासूबाईंना सांगितलं की हे जे काही आहे ते मी काढून टाकणार. त्या इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझा मुलगा परत लहानाचा मोठा होतो आहे आणि तू त्याला हाकलतेस, म्हणाल्या. मी माझ्या नवऱ्याशेजारी नऊ वर्षं झोपले आहे, मला त्याचा वास माहीत आहे. हे तो नाही. पण त्यांना कसं सांगू, त्यांचं तर पोटचं पोर.

१३ तारीख, गुरुवार

उपाय सापडला. कॉन्फिगमध्ये ओळींची मर्यादा घालता येते. चारच्या जागी तीन केलं, की सर्वांत शेवटचं, सर्वांत धाकटं नाव कापलं जाणार. काल त्याचं वय आठ. भिंगरी नऊ. साधं गणित, तोच कापला जाणार. मी मर्यादा तीन केली आणि छापलं.

सासूबाई, अडुसष्ट.
मी, छत्तीस.
आणखी एक, अकरा.

एका रात्रीत तीन वर्षं. आजचं वय बघायला हवं होतं. मी कालच्यावर चालले. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर मी त्याला बिनडोक म्हटलं असतं.

१४ तारीख, शुक्रवार

चाचणीचं पत्रकही शाळेत जातं. तिथे आज भिंगरीचं नाव पुकारलं नाही. तिने हात वर केला, बाकावर उभी राहिली, तरी वर्गाच्या बाईंनी पुढचं नाव घेतलं. तिच्या जागेवर दुसऱ्या मुलीला बसवलं. ती मधल्या सुट्टीत उठून आली तेव्हा फाटकावर कोणी अडवलंही नाही.

सासूबाईंनी कालचा कागद माझ्या पिशवीतून काढून वाचला होता. त्यांनी तीन कप मांडले. तिला बघून मला विचारलं की हे कोणाचं पोर, याची आई वाट बघत असेल.

भिंगरी रडली नाही. तिने चौकटीवरची आपली रेघ बोटाने दाखवली. तिच्या वर दुसरी रेघ आली आहे.

१५ तारीख, शनिवार

सुट्टी असून ऑफिसात गेले. भिंगरीला सोबत नेलं, एकटीला ठेवणार कुठे.

मर्यादा परत चार केली. आली चौथी ओळ. पण भिंगरीचं नाव वाचलं जायच्या आधीच ती भरली गेली होती. ‘आणखी एक, २१.’ आणि त्याच्या खाली ‘आणखी एक, ०’.

दोन झाले. मी ताबडतोब मर्यादा तीनवर आणली. आगीतून फुफाट्यात. भिंगरीचं नाव हाताने घालून बघितलं, सात वेळा. जागा भरलेली आहे, असं उत्तर येतं.

खाली काका होते. त्यांनी भिंगरीला हाक मारली. तिच्या नावाने, खरोखर नेहमीसारखी. तिला कात्रणं दिली. मी तिथेच पायरीवर बसून रडले. मग लक्षात आलं: काका वाचत नाहीत. ज्यांनी पत्रक वाचलं ते तिला विसरले. काकांनी छापलं, पण वाचलं नाही.

मी रोज वाचते.

१७ तारीख, सोमवार

वय २८. बाथरूममधला आरसा खाली होता, तो कोणीतरी वर टांगला आहे.

काका बिघडलेले कागद फेकत नाहीत, कपाटात ठेवतात. मी आधीच्या गृहस्थांचं पत्रक मागितलं. ते एकटे राहायचे, एवढं काकांना आठवतं. एक माणूस, तीन रिकाम्या ओळी.

पत्रक सापडलं. चारही ओळींत ‘आणखी एक’. त्यांचं नाव कुठेच नाही. काका म्हणाले, शाई चांगली बसली आहे.

परवा मोठी छपाई. त्यात चाचणीच्या घराचं पत्रकही पक्कं होतं. एक वर्ष. तोवर भिंगरीचं काय उरेल? आज तिचा हात धरला तर बोटं मला मोजावी लागली.

१८ तारीख, मंगळवार

वय ३३.

सकाळी स्वयंपाकघरात एक मुलगी उभी होती. मी विचारणार होते की कोण तू. तोंड उघडलं होतं. मग तिने नाक खाजवलं आणि मला

माझी आहे. भिंगरी. नऊ वर्षं. पावसात जन्मली. डाव्या गुडघ्यावर व्रण, सायकलचा. भिंगरी. भिंगरी. हातावरही लिहून ठेवलं आहे.

आता पुन्हा पत्रक वाचणार नाही. पण छपाईच्या आधी तपासायचं काम माझंच—

एकदा मनात आलं, सासूबाईंची ओळ कोरी केली तर. अडुसष्ट वर्षं झाली, जगून झालं. आलं मनात. खोटं लिहायची ही वही नाही. लगेच मनातून काढलं. त्या माझ्या नवऱ्याच्या आई आहेत. आणि मीही कोणाची तरी आई आहे.

१९ तारीख, बुधवार. सकाळ

वय ३६. माझ्याएवढं. चौकटीवरची रेघ माझ्या डोक्याला लागते.

सगळं कळलं. तो रिकाम्या जागांतली सर्वांत वरची आधी भरतो. भिंगरी तिसऱ्या ओळीत, तिथे तो बसला आहे. दुसरी ओळ माझी. ती मी कोरी केली की तो वर सरकेल. सरकताना तिसरी क्षणभर मोकळी होईल. तेवढ्यात भिंगरीचं नाव हाताने आत घालायचं.

आणि तो माझ्या जागी येईल. माझ्या घरात, माझ्या कपात. तिची आई म्हणून.

दुसरा उपाय नाही. काल दिवसभर शोधला.

भिंगरीला समोर बसवून सांगितलं. आई आईसारखीच दिसेल. आईसारखीच बोलेल. लाड करेल. फक्त कपाकडे बघायचं. ज्या दिवशी आईने चहाचा कप उपडा केला, त्या दिवशी एक शब्द बोलायचा नाही. बूट घालायचे आणि काकांकडे जायचं. ते वाचत नाहीत. ते तुला ओळखतील. तिने मला तीन वेळा म्हणून दाखवलं. मग विचारलं की आणि तू कुठे असशील. मी तिला

काकांना सांगून ठेवलं आहे. त्यांनी का ते विचारलं नाही. कपाटातला एक कप्पा रिकामा करून तिची कात्रणं त्यात ठेवली.

बारा वाजता छपाई. दहा मिनिटं आहेत. माझं नाव खोडते. भिंगरीचं घालते.

गेलं. जागा मोकळी आहे, म्हणतंय. तिचं नाव घेतलं. नऊ. तिसरी ओळ. घेतलं—

२० तारीख, गुरुवार

पान नवं आहे. घर छान आहे. पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दार निळं. आम्ही तिघी आहोत. तिन्ही ओळी भरलेल्या आहेत, कुठे काही रिकामं नाही.

सकाळी उठून सगळं आवरलं. सासूबाई म्हणाल्या की सूनबाई, आज किती दिवसांनी बरी दिसतेस. मला आवडलं. कपाटावरचा जुना कागद काढून नवा लावला. चौकटीवरच्या रेघा पुसून टाकल्या, डाग बरे दिसत नाहीत. एक रेघ जाईना, पेन्सिल फार दाबून काढली होती, शेजारी तारीख होती. ती राहू दिली.

चहा घेतला. आता लिहिते आहे. रोज लिहायचं कबूल केलेलं आहे, असं पहिल्या पानावर आहे.

आज शाळेला सुट्टी. तरी मुलीने बूट घातले आहेत. स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि माझ्याकडे बघत नाही, टेबलाकडे बघते आहे. मी प्रेमाने विचारलं की कुठे निघालीस. ती एक शब्द बोलत नाही. नाक खाजवत नाही. टेबलावर तर काहीच नाही, माझा कप आहे फक्त. मी तिला म्हटलं ये, जवळ ये, आईजवळ, आणि ती दाराची कडी—